भास्कररावांच्या गालावरच्या दोन रेषा

सरकारी दवाखान्यात मी बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली चौदा जळीत वॉर्डात. तिथं कुठल्या पेशंटला "हसा" म्हटल्याचं मला आठवत नाही. निवृत्त झाल्यावर जी नोकरी धरली, तिथं मात्र दिवसातून चार-पाचदा हेच म्हणावं लागतं. "हसा. अजून थोडं. दात दिसू द्या. आता तसंच राहा." माणूस हसला की नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आणि डोळ्यांच्या कडेला रेषा पडतात. डॉक्टर त्या रेषांवर पांढऱ्या पेन्सिलीनं खुणा करतात. मग मी म्हणते, "आता हसू नका." दोन्ही सूचना लोक सारख्याच गंभीरपणे पाळतात.

ही नोकरी अमरावतीतल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात. डॉक्टर मृणाल मूळच्या पुण्याच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या, माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला सिस्टर म्हणतात. आठवड्यातले चार दिवस दवाखाना अमरावतीला असतो, मंगळवार आणि शुक्रवार अकोल्याला. गजकर्ण, खरूज, पांढरे डाग, केस गळणं, हा आमचा रोजचा धंदा. रेषांचे पेशंट त्या मानानं थोडे, पण वेळ त्यांनाच जास्त लागतो. खाज सुटलेल्या माणसाला आपल्याला काय हवं आहे ते नक्की माहीत असतं.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. हसण्याच्या रेषा दोन जातीच्या. काही हसल्यावर दिसतात आणि हसू गेलं की जातात. काही हसू गेलं तरी तिथंच राहतात. डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी स्नायू सैल करणारं इंजेक्शन असतं, बोटॉक्स म्हणतात ते. तीन-चार महिने टिकतं. नाकापासून खाली जी घळ पडते तिथं ते सहसा देत नाहीत, कारण दिलं तर माणूस वाकडा हसू शकतो. तिथं फिलर भरतात. फिलर म्हणजे पाण्यासारखी स्वच्छ, घट्ट जेली. कातडीखाली भरली की घळ उथळ होते आणि वर्षभरात शरीर ती हळूहळू पचवून टाकतं. शिवाय लेसर आहे, कातडी आवळणारी मशीनं आहेत, कातडी आतून ओढून धरणारे धागे आहेत. रात्री लावायची क्रीम आहे, पण ती महिनोन्‌महिने रोज लावावी लागते, म्हणून ती कोणालाच नको असते. शेवटचा उपाय म्हणजे काहीच न करणं. मॅडम तोही दर वेळी सांगतात. तो ऐकून उठून गेलेले पेशंट मी आजवर दोन पाहिले.

अमरावतीचे लोक रेषा भरायला अकोल्याला येतात आणि अकोल्याचे अमरावतीला. ओळखीचं कोणी भेटू नये हा हेतू. तिवस्याच्या एक शिक्षिका घरी ट्रेनिंग सांगून अकोल्याला आल्या, तर बाकावर त्यांची सासू बसली होती. सासूबाई घरी बहिणीकडे जाते असं सांगून निघाल्या होत्या. दोघींनी एकमेकींना खाज सुटते म्हणून सांगितलं. मी दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. संध्याकाळी त्या एकाच गाडीनं परत गेल्या आणि पुढच्या खेपेला एकत्रच आल्या.

भास्कररावही असेच अकोल्याला आले होते, चांदूर बाजारहून, अमरावती ओलांडून. हे लिहायचं ठरलं तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "नाव बदला. गाव राहू द्या. गावाले सारं माहीतच हाये." नावं बदलली आहेत.

एका शुक्रवारी ते आत आले. वय अठ्ठावन्न, उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट. संत्र्याचा मोठा बगीचा आहे त्यांचा. खुर्चीत बसले आणि मला वाटलं, हा माणूस आनंदी दिसतो, याचा रिपोर्ट चांगला आलेला असणार.

"कशाचा त्रास होतोय तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"तरास मले नाई. पाहनाऱ्याले होते."

"म्हणजे?"

"हे पाहा. मी आता हसून नाई रायलो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, कारण समोरचा माणूस हसत होता. नाकाच्या दोन्ही बाजूंनी निघालेल्या खोल रेषा खाली येऊन गालात वळल्या होत्या आणि ओठांचे कोपरे वर उचललेले होते. नीट पाहिलं की डोळे वेगळंच सांगत होते, पण डोळे इतकं नीट कोण पाहतं.

"कधीपासून आहे हे?"

"जलमापासून. पहिले इतलं नव्हतं. पन्नाशीनंतर पक्कं झालं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे मोठे भाऊ वामनराव दहा महिन्यांपूर्वी वारले. दोघा भावांची घरं एका भिंतीला लागून. मयतीच्या वेळी भास्करराव सरणाच्या एका बाजूला उभे होते, समोरच्या बाजूला वामनरावांचा मुलगा प्रशांत. त्यानं वर पाहिलं तर काका हसत होते. त्याआधी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरांत थोडी बोलाचाली झालेली होती, त्यामुळे त्याच्या मनात ते आणखीच घट्ट बसलं.

"तेरवीच्या दिवशी मले बाजूले घेतलं त्यानं. म्हने, काका, माह्या बापाच्या मयतीत तुमी हसून रायले होते. बस. इतलंच बोलला. तवापासून बंद हाये."

"तुम्ही त्याला सांगितलं नाही, की तुमचा चेहराच तसा आहे म्हणून?" मॅडम म्हणाल्या.

"काय सांगू? रडलो तं अजूनच हसल्यावानी दिसतो मी. घरी आरशात पाह्यलं, रडून."

मॅडम लिहीत होत्या, त्या थांबल्या.

पुढच्या महिन्यात प्रशांतच्या बहिणीचं, पल्लवीचं लग्न होतं. पत्रिका अजून आलेली नव्हती, येईल की नाही हेही माहीत नव्हतं. "आली तं बिदाईले उभं राहाच लागंन," भास्करराव म्हणाले. "अंगाखांद्यावर खेळलेली पोरगी हाये. तथी मी असा दिसलो तं मंग झालंच."

मॅडमनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. रेषा पूर्ण जाणार नाहीत. ओठांचे कोपरे आहेत तसेच राहतील. घळ फक्त थोडी उथळ होईल.

"थोडी होईन ना? थोडी चालते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, आधी एकदा पुतण्याशी बोलून तर पाहा."

"सिस्टर, बोलाले तोंड लागते," ते म्हणाले. "त्याच्याचसाठी आलो ना."

संमतीचा कागद लोक न वाचता सही करतात. भास्कररावांनी चष्मा लावून सगळा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जेली चुकून रक्तवाहिनीत गेली तर त्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो, अशी ती ओळ. "असं होते काय?"

"क्वचित होतं," मॅडम म्हणाल्या. "झालं तर त्यावर उतारा आहे. जेली विरघळवणारं इंजेक्शन. ते आम्ही नेहमी जवळ ठेवतो."

मी मान हलवली. ते ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं.

मंगळवारी सकाळी ते आले. घरी ठिबकच्या नळ्यांचा भाव पाहायला जातो म्हणून सांगितलं होतं. मी त्यांचं तोंड पुसून घेतलं, सुन्न करणारी क्रीम लावली, समोरून आणि बाजूनं फोटो काढले. मॅडम पेन्सिल घेऊन आल्या तेव्हा मी सवयीनं म्हणाले, "हसा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अजून?"

उजवी बाजू छान झाली. वीस मिनिटांत ती घळ निम्म्यावर आली. मॅडमनी डावी घेतली. मी मॅडमच्या समोरच्या बाजूला उभी होते, हातात कापूस. सुई आत गेली, मॅडमनी थोडं दाबलं, आणि नाकपुडीच्या कडेला रुपयाएवढी कातडी राखेसारखी पांढरी पडली.

जळीत वॉर्डात चौदा वर्षं काढलेल्या नर्सला कातडीचे रंग कोणी शिकवावे लागत नाहीत. तो रंग म्हणजे तिथं रक्त पोचत नाहीये. मला त्याच क्षणी "थांबा" म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं नाही. कारण तो डाग दिसला त्याच क्षणी मला एक डबा दिसला. उताऱ्याच्या औषधाच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. अकोल्याच्या फ्रिजमधल्या बाटल्यांची तारीख संपली म्हणून मी त्या आधीच्या आठवड्यात टाकून दिल्या होत्या. नव्या अमरावतीला आल्या होत्या. त्या दिवशी सकाळी मी त्या बर्फाच्या डब्यात भरल्या, डबा दारात ठेवला, मग माझा जेवणाचा डबा उचलून गाडीत ठेवला, आणि डबा ठेवल्याच्या समाधानात गाडीत बसले. औषधाचा डबा दारातच राहिला होता. मी "थांबा" म्हणाले असते तर मॅडमचं पुढचं वाक्य "उतारा आणा" हेच असणार होतं.

माझ्या मनात आलं, हा सुन्न करणाऱ्या औषधाचाही परिणाम असू शकतो. कधी कधी तसं पांढरं दिसतं. हे मी स्वतःला सांगत होते तेवढ्या वेळात मॅडमनी आणखी एकदा दाबलं. पांढरा रंग वरच्या ओठापर्यंत उतरला.

"मॅडम, थांबा."

त्यांनी सुई काढली. बोटानं कातडी दाबून सोडली आणि मोजायला लागल्या. चांगल्या कातडीवर रक्त दोन सेकंदांत परत येतं. त्यांनी पाचपर्यंत मोजलं आणि मोजणं सोडून दिलं.

"सिस्टर, उतारा."

"मॅडम, बाटल्या अमरावतीला आहेत. डबा दारात राहिला."

त्या लगेच कामाला लागल्या. गरम पाण्याचा शेक मागितला, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली, आणि भास्कररावांचा एकेक डोळा झाकून त्यांना बोटं मोजायला लावली. नाकाजवळच्या वाहिन्या डोळ्याशी जोडलेल्या असतात, म्हणून तेच पहिलं विचारायचं असतं.

"दिसते ना सारं," भास्करराव म्हणाले. "काहून?"

मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या कागदावरच्या ओळीत जे होतं ते झालं आहे. उतारा वेळेत मिळाला तर भरून येईल. नाही मिळाला तर नाकपुडीच्या कडेची आणि ओठाच्या वरची तेवढी कातडी मरेल. उतारा या दवाखान्यात असायला हवा होता, तो नाही. आम्ही तो शोधतो आहोत.

भास्कररावांनी थोडा विचार केला. "अन् उजवी?"

"उजवी व्यवस्थित आहे."

"मंग आर्धं तं झालं," ते म्हणाले. मॅडमना बरं वाटावं म्हणून म्हणाले असावेत. चेहऱ्यावरून कळण्याची सोय नव्हती.

औषधांच्या तीन दुकानांत फोन केले. दोघांनी नावच ऐकलं नव्हतं, तिसरा मागवून देतो म्हणाला, उद्यापर्यंत. अमरावतीहून कोणी डबा घेऊन निघालं तरी दोन तास. तेव्हा मला आठवलं की उताऱ्याच्या बाटलीत जी पावडर असते, ती मी आमच्या मॅडमकडे येण्याच्या कितीतरी आधी पाहिली आहे. सरकारी दवाखान्यात काही महिने मी डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरला होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याभोवती सुन्न करायचं इंजेक्शन देतात, ते लवकर पसरावं म्हणून त्यात हीच पावडर मिसळत. तेव्हा तिथं शिकायला असलेला नईम नावाचा मुलगा आता अकोल्यातच एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये थिएटर सांभाळतो. आता मुलगा कुठला, दाढी पांढरी झाली, नईमभाई म्हणतात सगळे.

मी फोन लावला. काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं.

"सिस्टर, आज आमच्याकडं बारा मोतियाबिंद आहेत," नईमभाई म्हणाले. "ठहरो, डॉक्टरसाहेबाले विचारतो." फोन तसाच चालू होता. आतून बोलणं ऐकू आलं. मग ते परत आले. "चार बाटल्या देते म्हन्ले साहेब. मीच घेऊन येतो. दुसऱ्याले पत्ता सापडनार नाई."

पंधरा मिनिटांत ते स्कूटरवर आले. बाटल्या स्टीलच्या डब्यात बर्फ घालून आणल्या होत्या. मी त्या डब्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असेल.

मॅडमनी पावडर विरघळवली आणि पांढऱ्या पडलेल्या सगळ्या भागात टोचत गेल्या. ते दुखतं. भास्कररावांनी खुर्चीचे हात धरले, पण हूं की चूं केलं नाही. नईमभाई भिंतीशी उभे राहून पाहत होते. "डोळ्यात टाकल्यावर काय होते ते मले माहीत हाये," ते मला हळूच म्हणाले. "चमडीत काय होते ते पाहू द्या."

पहिल्या तासात फार काही झालं नाही. पांढऱ्याचं जांभळं झालं, जाळीसारखं. मॅडमनी पुन्हा टोचलं. शेक चालू, मालीश चालू. दुसऱ्या तासाला ओठाच्या वर बोट दाबून सोडलं तर चार सेकंदांत रंग आला. मग तीन. नईमभाईंनी घड्याळ पाहून त्याला दुजोरा दिला, आणि "आता माह्ये पेशंट बोंबलत असतीन," म्हणून निघून गेले.

मधल्या वेळात मॅडम म्हणाल्या, घरच्या कोणाला तरी बोलावलं पाहिजे. भास्करराव नको म्हणत होते. मॅडमनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी बायकोचा नंबर दिला. फोन मी केला. "घाबरण्यासारखं काही नाही, पण तुम्ही या," असं मी शोभाबाईंना सांगितलं. इतक्या वर्षांत या वाक्याचा पहिला अर्धा भाग कोणाच्या कानावर पडल्याचं मी पाहिलेलं नाही. शोभाबाईंना गाडी चालवता येत नव्हती. त्या तशाच शेजारच्या दारात गेल्या. दहा महिन्यांत त्या दारात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. प्रशांतनं काही न विचारता गाडी काढली. मागच्या सीटवर त्याची आई, वामनरावांच्या पत्नी सुमनबाई, आधीच येऊन बसल्या होत्या. वाटेत तिघांनी मिळून हार्ट अटॅक ठरवून टाकला होता.

अडीचच्या सुमाराला ते पोचले. भास्करराव खुर्चीत टेकून बसलेले, डावा गाल सुजलेला, त्यावर सुयांचे ठिपके. शोभाबाई त्यांच्या छातीला हात लावून पाहायला लागल्या. प्रशांत दारातच थांबला. तिशीचा, काकांसारखाच उंच.

"काय झालं यायले?" त्यानं मला विचारलं.

आजार काय आहे हे सांगायचं की नाही ते पेशंटनं ठरवायचं असतं. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा."

त्याला ते अवघड गेलं. पण त्यानं विचारलं. "काका, काय झालं?"

"काई नाई. तोंड दुरुस्त कराले आलो होतो."

"काहून?"

"पल्लवीची बिदाई हाये ना," भास्करराव म्हणाले. जीभ आणि ओठ जड असल्यामुळे त्यांना प्रत्येक शब्द सावकाश बोलावा लागत होता. "तुले मी मयतीत हसताना दिसलो. मी नाई हसून रायलो होतो, बाबू. पन तुले तसं दिसलं हे खोटं नाई. दुसऱ्यायलेबी दिसलं असंन. म्हटलं, थोडं बुजवून घ्यावं."

सुमनबाई एकदा दिराकडे, एकदा मुलाकडे पाहत होत्या.

"म्हन्जे तुमचं बोलनं याच्यासाठी बंद हाये?" त्या म्हणाल्या. "मले तं वाटलं विहिरीचं हाये."

"विहिरीचं तं कवाच मिटलं," भास्करराव म्हणाले.

सुमनबाई शोभाबाईंच्या शेजारी स्टुलावर बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, "तू बापाचं तोंड पाह्यलं होतं काय? तिरडीवर ठेवलं तवा?"

"नाई."

"काहून?"

"पाह्यल्या गेलं नाई."

"म्या पाह्यलं. असंच होतं. जसं हसून रायले." त्यांनी दिराच्या चेहऱ्याकडे नुसतं बोट केलं. "हे दोघं भाऊ सारकेच. लगनात अंतरपाट काढला अन् मले वाटलं नवरदेव माह्यावर हसून रायला. दोन वरीस लागले मले समजाले का याचं तोंडच असं हाये. तू तं जलमापासून पाहून रायला, म्हनून तुले ते कवा दिसलंच नाई. मायबाप गेले तवाबी हे दोघं असेच उभे होते. लोकायनं काय काय म्हटलं. तू लहान होता."

"मंग सांगाचं ना मले," प्रशांत म्हणाला.

"तू मले इचारलं कवा?"

शेकाचा पंचा गार झाला होता. मी तो पुन्हा गरम पाण्यात पिळला आणि प्रशांतच्या हातात दिला. "हे इथं धरा. फार दाबू नका. गार झालं की मला सांगा." माणसांना काय करावं सुचत नसलं की त्यांच्या हातात काहीतरी द्यावं, हे मी वॉर्डात शिकले. तो पाऊण तास उभा राहून काकांच्या गालावर पंचा धरून होता. मध्ये फक्त एकदा त्यानं विचारलं, "गरम जास्त नाई ना?" आणि भास्करराव नाही म्हणाले.

चार वाजता रंग पूर्ण परत आला. मॅडमनी औषधं लिहून दिली, दुसऱ्या दिवशी अमरावतीला दाखवायला सांगितलं, आणि ती सगळी मंडळी एका गाडीतून गेली.

आम्हीही निघालो. मूर्तिजापूर मागं पडलं. मी बाटल्यांबद्दल माफी मागायची वाक्यं मनात जुळवत होते.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबा म्हणालात, त्याच्या आधीच तुम्हाला डाग दिसला होता ना?"

"हो."

"किती आधी?"

"तुम्ही दुसऱ्यांदा दाबायच्या आधी."

"डबा विसरला, ते होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "हे नाही चालणार."

बत्तीस वर्षांत सर्जन माझ्यावर सगळ्या वॉर्डासमोर ओरडलेले आहेत, त्यांनी ट्रे फेकलेला आहे. इतक्या हळू आवाजात कोणी बोललं नव्हतं. मी म्हणाले, दुसरी नर्स पाहायची असेल तर पाहा. त्या म्हणाल्या, "नको. पण यापुढं मी सिरिंज हातात घेण्याआधी उताऱ्याची बाटली माझ्या टेबलावर हवी. आणि तुम्हाला काही दिसलं तर बोलायचं. चूक असलं तरी." तेव्हापासून तसंच चालू आहे. त्यानंतर मी तीनदा "थांबा" म्हणाले. तिन्ही वेळा काही नव्हतं. मॅडम तिन्ही वेळा थांबल्या. पण त्या मंगळवारी मी जेवढा वेळ गप्प राहिले, तो मला अजून मोजून सांगता येईल, आणि तो मी कशासाठी घेतला होता हेही.

भास्कररावांची जखम भरली. नाकपुडीच्या कडेला फक्त लालसर, तांदळाच्या दाण्याएवढा डाग राहिला. अडचण वेगळीच होती. उताऱ्यानं डाव्या बाजूची सगळी जेली विरघळली होती. उजवी बाजू गुळगुळीत आणि डावी पहिल्यासारखीच, त्यामुळे आता ते एकाच बाजूनं हसत होते. मॅडम म्हणाल्या, डावीत मी आता हात घालणार नाही, पण हवं तर उजवीही विरघळवून देते, म्हणजे दोन्ही सारख्या होतील.

"सुईनंच काय?"

"सुईनंच."

"मंग राहू द्या," ते म्हणाले. "वर्षभरात आपल्यानंच जाते म्हन्ले होते ना तुमी."

जाताना त्यांनी मला आणि मॅडमना पत्रिका दिल्या. निमंत्रकांच्या यादीत त्यांचं नाव होतं. यादी छापून झाल्यावर एका ओळीत मागाहून दाटीवाटीनं घातल्यासारखं दिसत होतं, पण होतं.

मॅडमना त्या दिवशी पुण्याला जायचं होतं, म्हणून लग्नाला मी एकटीच गेले. चांदूर बाजारला मंगल कार्यालयात लग्न, जेवणं उरकून चारच्या सुमाराला बिदाई. पल्लवी एकेकाच्या गळ्यात पडत दारापर्यंत आली. आईजवळ रडली, शोभाबाईंजवळ रडली, भावाजवळ रडली. मग भास्कररावांसमोर आली आणि त्यांच्या नाकाजवळच्या लाल डागाला बोट लावून म्हणाली, "काका, दुखते काय अजून?"

"नाई," ते म्हणाले.

ती गाडीत बसली. लोक आत वळले. प्रशांत मंडपाच्या माणसाशी खुर्च्यांवरून काहीतरी बोलत होता. भास्करराव गाडी गेली त्या रस्त्याकडे तोंड करून तिथंच उभे राहिले. मी जवळ गेले तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, दुखते थोडं."

"कुठं?" मी सवयीनं विचारलं.

ते रडत होते. उजव्या बाजूनं ते कोणालाही कळलं असतं. डाव्या बाजूनं मात्र ते मनापासून हसत होते, आणि आईसक्रीम खाऊन परतणारे पाहुणे नेमके त्याच बाजूनं चालले होते. प्रशांतनं खुर्च्यांचं बोलणं अर्धं टाकलं. तो चालत आला आणि काकांच्या डाव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून उभा राहिला. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत दोघं तसेच उभे होते.